विशाल प्रतिमा आणि संगणकाची स्मृती

चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर उमटणारी नामावली, अनुबोधपटात हळूहळू सरकणारा जुना नकाशा, विज्ञानविषयक माहितीपटातील हलत्या आकृत्या आणि दूरचित्रवाणीवरील फिरती बोधचिन्हे या सर्वांचा समावेश ज्या कलाप्रकारात होतो, त्यास ‘मोशन ग्राफिक्स’ म्हणजेच चलत्-आलेखन असे म्हणतात. अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी १९६० साली याच नावाची संस्था स्थापन केली. त्यांचे साधन होते दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांच्या नेमसाधक यंत्रांपासून तयार केलेली एक यांत्रिक जुळणी. तिच्या साहाय्याने आकृत्या हलविल्या जात आणि कॅमेरा त्या फिल्मवर टिपून घेई. चित्र साठविण्याचे काम फिल्मच करीत असल्यामुळे यंत्राला ते लक्षात ठेवावे लागत नसे.

पुढे हेच काम अंकीय संगणकाकडे आले, आणि चित्र लक्षात ठेवण्याची जबाबदारी यंत्रावर येऊन पडली. वैयक्तिक संगणकावर असे काम करण्यासाठी ‘आफ्टर इफेक्ट्स’ हे सॉफ्टवेअर १९९३ साली प्रथम उपलब्ध झाले व १९९४ साली ते अ‍ॅडोबी कंपनीकडे आले. या आणि अशा इतर सॉफ्टवेअरचा उपयोग करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. आठवडाभर खपून रचलेले दृश्य अंतिम स्वरूपात घडविण्यासाठी रात्री संगणकाकडे सोपविले जाते आणि सकाळी पाहावे तो पडद्यावर एकच सूचना असते: ही चौकट तयार करण्यास पुरेशी स्मृती उपलब्ध नाही. ज्या फाइलमुळे हे घडले ती तबकडीवर फारशी मोठी दिसत नाही, त्यामुळे दोष यंत्राचा असावा असे वाटते व अधिक किमतीचे यंत्र विकत घेण्याचा विचार सुरू होतो. तो विचार प्रत्येक वेळी चूक असतो असे नाही. परंतु त्यापूर्वी स्मृती नेमकी कोठे खर्च होते हे समजून घेतले, तर पुष्कळदा साध्या यंत्रावरही काम निभावते.

फाइलचा आकार आणि चित्राचा आकार

संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे अंकांचा एक तक्ता होय. चित्राचे आडव्या व उभ्या ओळींत लहान लहान बिंदू पाडलेले असतात. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे प्रमाण सांगणारे तीन अंक आणि तो बिंदू किती पारदर्शक आहे हे सांगणारा चौथा अंक, असे एकूण चार अंक ठेवावे लागतात. या चौथ्या अंकाच्या मालिकेस अल्फा चॅनेल असे नाव आहे. चित्र मुळीच पारदर्शक नसले, तरी थरांवर थर रचणारे सॉफ्टवेअर सहसा चारही अंकांसाठी जागा राखून ठेवते.

प्रत्येक अंकास ८ बिट, म्हणजे १ बाइट जागा दिली, तर एका बिंदूस ४ बाइट लागतात. दूरचित्रवाणीसाठी रूढ असलेली चौकट १,९२० बिंदू रुंद व १,०८० बिंदू उंच असते. तिच्यात २०,७३,६०० बिंदू मावतात व तिला ८२,९४,४०० बाइट लागतात. रुंदी व उंची दुप्पट केली की हीच जागा चौपट, म्हणजे ३,३१,७७,६०० बाइट होते. चित्राची बाजू आणि स्मृती यांतील हे वर्गाचे नाते विसरल्यामुळे बहुतेक अंदाज फसतात.

एक उदाहरण घेऊ. ९० सेंटिमीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असा एक जुना नकाशा इंचास ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केला आहे. या चित्राची रुंदी सुमारे २१,२६० व उंची सुमारे १४,१७३ बिंदू भरेल, आणि एकूण बिंदू ३० कोटींच्या वर जातील. जेपीईजी पद्धतीने आवळून ठेवलेली त्याची फाइल कदाचित १० कोटी बाइटांतही मावेल. परंतु आवळलेल्या चित्रावर कोणतीही क्रिया करता येत नाही. ते उघडून प्रत्येक बिंदूचे अंक मांडावेच लागतात, आणि तसे मांडले की त्याला सुमारे १२० कोटी बाइट लागतात. फाइलचा आकार म्हणजे घडी घातलेल्या सतरंजीचा आकार होय. ती अंथरण्यास किती जागा लागेल, हे घडीकडे पाहून कळत नाही.

रंगाच्या सूक्ष्मतेचाही यात वाटा असतो. ८ बिटांत एका रंगाच्या २५६ पायऱ्या मावतात. पाहणाऱ्याच्या डोळ्यास त्या सहसा पुरतात. परंतु एकाच चित्रावर एकामागून एक अनेक क्रिया केल्यास प्रत्येक वेळी होणाऱ्या पूर्णांकनाची चूक साठत जाते आणि आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसू लागतात. म्हणून १६ बिटांची किंवा दशांश चिन्हासह मोजणारी ३२ बिटांची पद्धत वापरतात. तीत जागा अनुक्रमे दुप्पट व चौपट लागते. वरील नकाशाला ३२ बिटांच्या पद्धतीत सुमारे ४८२ कोटी बाइट हवेत, आणि हा केवळ एका चित्राचा हिशेब झाला.

स्मृतीच्या टंचाईचा इतिहास

ही अडचण नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला व १९६० साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा भारतातील आरंभीच्या संगणकांपैकी एक होय. त्याच्या फेराइट कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. ही जागा १०,२४० बाइट होते. आजची दूरचित्रवाणीची एकच चौकट साठविण्यासाठी असे सुमारे ८१० संगणक लागले असते.

संपूर्ण चित्र बिंदूशः स्मृतीत ठेवण्याची कल्पना १९७० नंतरच व्यवहारात आली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ साली ‘सुपरपेंट’ ही यंत्रणा चालू केली. तिच्या चित्रस्मृतीत सुमारे ३ लाख बाइट होते आणि प्रत्येक बिंदूस ८ बिट मिळत. त्यामुळे एका वेळी २५६ रंग दाखविता येत. त्याच दशकात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी तीन चित्रस्मृती एकत्र जोडून तांबडा, हिरवा व निळा यांना प्रत्येकी एक अशी व्यवस्था केली. तेथेच एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी पारदर्शकतेसाठी चौथी मालिका ठेवण्याची कल्पना मांडली. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली एकावर एक चित्रे बसविण्याचे गणित शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. आजचे थर रचण्याचे तंत्र याच पायावर उभे आहे.

त्या काळातील संशोधकांना स्मृती इतकी अपुरी होती की काटकसर हा त्यांच्या पद्धतीचाच भाग झाला. कुक, कारपेंटर व कॅटमल यांनी १९८७ साली ‘रेयेस’ या चित्रनिर्मितीच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत संपूर्ण चौकट एकाच वेळी न घडविता तिचे लहान लहान चौकोन पाडून एकेक चौकोन पुरा करता येत असे. लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली आणखी एक युक्ती सुचविली होती. एकाच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा उतरत्या प्रती आधीच करून ठेवावयाच्या आणि चित्र पडद्यावर जितके लहान दिसणार असेल तितकी लहान प्रत वापरावयाची. या सर्व प्रतींना मिळून मूळ चित्राच्या केवळ एक तृतीयांश एवढीच अधिक जागा लागते. या दोन्ही युक्तींमागील विचार एकच आहे. जे पडद्यावर दिसणार नाही, ते स्मृतीत बाळगू नये.

एक चौकट घडते कशी

थरांवरील सर्व क्रिया पुऱ्या करून अंतिम चौकट घडविण्याच्या कामास रेंडरिंग म्हणतात. या कामात एका थरासाठी एकच तक्ता पुरत नाही. मूळ चित्र उघडल्यावर त्याचा एक तक्ता होतो. त्यावर एखादा इफेक्ट लावला, की आधीचे चित्र वाचण्यासाठी एक आणि नवे लिहिण्यासाठी एक, असे दोन तक्ते काही काळ एकत्र राहतात. चित्र अस्पष्ट करणाऱ्या क्रियेत प्रत्येक बिंदूसाठी शेजारच्या अनेक बिंदूंची सरासरी काढावी लागते. शिवाय चित्राच्या कडा बाहेर पसरल्यामुळे तक्ता मूळ चित्राहूनही मोठा होऊ शकतो. अखेरीस सर्व थर एकत्र आणण्यासाठी आणखी एक तक्ता लागतो.

क्रियांचा क्रमही येथे महत्त्वाचा आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये थरावर प्रथम मास्क, नंतर इफेक्ट आणि त्यानंतर स्थान, आकारमान व कोन यांतील बदल केले जातात. याचा परिणाम असा होतो की, वरील नकाशा पडद्यावर हातरुमालाएवढा दिसणार असला, तरी त्यावर लावलेला इफेक्ट आधी ३० कोटी बिंदूंवर चालतो आणि मग ते चित्र लहान केले जाते. अंतिम चौकटीत जेवढे बिंदू असतात, त्याच्या सुमारे १४५ पट बिंदूंवर संगणक राबतो, आणि त्यातील बहुतेक श्रम वाया जातात.

याखेरीज एकदा घडविलेल्या चौकटी पुन्हा दाखविता याव्यात म्हणून सॉफ्टवेअर त्या स्मृतीत जपून ठेवते. सेकंदास २५ चौकटी या प्रमाणात १० सेकंदांच्या दृश्यात २५० चौकटी होतात. दूरचित्रवाणीच्या आकारात व ८ बिटांच्या पद्धतीत त्यांना सुमारे २०७ कोटी बाइट लागतात आणि ३२ बिटांच्या पद्धतीत सुमारे ८२९ कोटी. पूर्वावलोकन निम्म्या रुंदी-उंचीत पाहिले, तर हीच जागा चतुर्थांश होते.

पत्त्यांची मर्यादा आणि तबकडीचा आधार

स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. त्यास त्याचा पत्ता म्हणता येईल. ३२ बिटांच्या संगणकव्यवस्थेत असे ४२९,४९,६७,२९६ पत्तेच लिहिता येत, आणि त्यांतीलही बराच भाग संगणकाच्या मूळ व्यवस्थेसाठी राखलेला असे. वरील नकाशा दशांश पद्धतीत उघडण्यास सुमारे ४८२ कोटी बाइट लागतात हे ध्यानात घेतले, म्हणजे अशा व्यवस्थेत तो उघडणे तत्त्वतःच अशक्य होते हे स्पष्ट होईल. दुसरी अडचण सलगतेची होती. चित्राचा तक्ता बहुधा सलग पत्त्यांवर मांडावा लागतो. लहानमोठी कामे होऊन पत्त्यांचे तुकडे पडलेले असले, तर एकूण जागा शिल्लक असूनही सलग जागा मिळत नाही. एस. टी.च्या गाडीत इकडेतिकडे दहा जागा रिकाम्या असाव्यात आणि दहा जणांच्या कुटुंबास मात्र एकत्र बसता येऊ नये, तसा हा प्रकार होय.

आफ्टर इफेक्ट्स २०१० साली ६४ बिटांच्या व्यवस्थेवर आले आणि पत्त्यांची टंचाई संपली. मात्र पत्ते वाढल्याने प्रत्यक्ष स्मृती वाढत नाही. या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीची प्रत्येक बाजू ३०,००० बिंदूंपर्यंत नेता येते. परंतु अशा पूर्ण आकाराच्या एका तक्त्यास ८ बिटांत ३६० कोटी व ३२ बिटांत १,४४० कोटी बाइट लागतात. चित्रसंस्काराचे काम स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाकडे सोपविले, तर त्याची स्वतःची स्मृती मुख्य स्मृतीहून बहुधा कमी असते आणि पुष्कळ कार्डांवर चित्राची एक बाजू १६,३८४ बिंदूंहून अधिक असू शकत नाही.

मुख्य स्मृती अपुरी पडली, की संगणक तबकडीचा आधार घेतो. ही कल्पना मँचेस्टर विद्यापीठातील ‘अ‍ॅटलास’ या संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. सध्या न लागणारा मजकूर तबकडीवर ठेवावा व लागेल तेव्हा परत आणावा, असे तिचे स्वरूप आहे. परंतु मुख्य स्मृतीच्या तुलनेत फिरत्या तबकडीवरील मजकूर मिळण्यास सुमारे लाखपट वेळ लागतो. १९६८ साली पीटर डेनिंग यांनी दाखवून दिले की, कामास त्या त्या क्षणी लागणारा मजकूर मुख्य स्मृतीत मावत असेल, तरच ही व्यवस्था सुरळीत चालते. तो मावत नसेल, तर संगणकाचा सारा वेळ ने-आण करण्यातच जातो. काम बंद पडत नाही, पण पुढेही सरकत नाही. विशाल प्रतिमांवर काम करताना जी विलक्षण मंदता येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

निदान

उपाय करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहणे आवश्यक आहे, आणि त्याची खूण सोपी आहे. काम पहिल्याच चौकटीवर, किंवा दर वेळी एकाच विशिष्ट चौकटीवर थांबत असेल, तर ती एक चौकट घडविण्यासाठी लागणारी जागाच उपलब्ध स्मृतीहून अधिक आहे असे समजावे. येथे साठविलेल्या चौकटी पुसून टाकण्याचा उपयोग मर्यादित असतो. चित्राचा आकार, रंगाची सूक्ष्मता किंवा इफेक्टची संख्या कमी करणे हाच खरा उपाय होय. याउलट शेकडो चौकटी व्यवस्थित घडून नंतर कोठेतरी काम थांबत असेल आणि पुन्हा सुरू केल्यावर तीच चौकट सहज पार पडत असेल, तर मागील काही तरी स्मृतीत साठत आहे हे उघड आहे. अशा वेळी साठा रिकामा करणे आणि काम तुकड्यांनी करणे उपयोगी पडते.

तिसरा प्रकार एकाच वेळी अनेक चौकटी घडविण्याच्या सोयीमुळे उद्भवतो. अशी सोय आफ्टर इफेक्ट्समध्ये २०२१ साली नव्या स्वरूपात आली. तिच्यामुळे वेळ वाचतो; पण एका वेळी चार चौकटी हाती घेतल्यास चौघींसाठी जागा हवी. प्रतिमा विशाल असतील, तेव्हा ही सोय बंद केल्याने अडलेले काम मार्गी लागल्याची उदाहरणे नित्याची आहेत.

उपाययोजना

सर्वांत परिणामकारक उपाय काम सुरू होण्यापूर्वीच करावयाचा असतो. कॅमेरा चित्राच्या सर्वांत जवळ जाईल तेव्हा चित्राचा किती भाग पडद्यावर दिसेल, हे आधी ठरवावे. वरील नकाशाचा, अगदी जवळच्या दृश्यातही, रुंदीचा चौथा हिस्सा दिसणार आहे असे धरू. पडदा १,९२० बिंदू रुंद असल्यामुळे संपूर्ण नकाशास त्याच्या चौपट, म्हणजे ७,६८० बिंदूंची रुंदी पुरेशी आहे. त्या मानाने उंची सुमारे ५,१२० बिंदू होईल. अशा प्रतीस ८ बिटांत सुमारे १५ कोटी ७३ लाख बाइट लागतात. मूळच्या १२० कोटींच्या तुलनेत ही जागा एक सप्तमांशाहूनही कमी आहे, आणि पडद्यावरील चित्रात डोळ्यास जाणवेल असा फरक पडत नाही.

कॅमेरा एखाद्या लहानशा गावाच्या नावापर्यंत जाणार असेल, तर एवढ्याने भागणार नाही. अशा वेळी दोन प्रती कराव्यात. दूरच्या दृश्यासाठी संपूर्ण नकाशाची लहान प्रत आणि जवळच्या दृश्यासाठी केवळ त्या भागाची पूर्ण सूक्ष्मतेची प्रत ठेवून मध्ये एकीतून दुसरीत अलगद संक्रमण करावे. नकाशाचे चौकोनी तुकडे पाडून ते शेजारीशेजारी मांडणे हाही मार्ग आहे. त्या त्या क्षणी चौकटीबाहेर असलेल्या तुकड्यांचा थर तात्पुरता बंद ठेवल्यास ते उघडण्याची गरज पडत नाही.

इफेक्टच्या बाबतीत नियम असा की, चित्र लहान झाल्यानंतर जी क्रिया करता येईल ती आधी करू नये. मोठा थर प्रथम अंतिम चौकटीच्या आकाराच्या स्वतंत्र रचनेत बसवावा आणि इफेक्ट त्या रचनेवर लावावा. जो भाग पुन्हा बदलणार नाही तो एकदाच घडवून त्याची तयार फाइल वापरावी. ३२ बिटांची पद्धत जेथे प्रखर प्रकाश किंवा अनेक क्रियांची साखळी आहे तेथेच ठेवावी. साध्या सरकत्या नकाशास ८ किंवा १६ बिट पुरतात. ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या संस्थेने २००३ साली सर्वांना खुल्या केलेल्या ‘ओपन-ईएक्सआर’ या पद्धतीत दशांश अंक १६ बिटांतही ठेवता येतात आणि चित्र चौकोनांत विभागून व उतरत्या प्रतींसह साठविता येते. जुन्या संशोधकांच्या युक्ती येथे फाइलच्या रचनेतच उतरल्या आहेत.

शेवटचा उपाय स्मृती वाचवीत नाही, पण श्रम वाचवितो. दृश्य एकाच चित्रपट-फाइलच्या रूपात न घडविता एकेका चौकटीची वेगळी चित्र-फाइल करावी. सातशेव्या चौकटीवर काम थांबले, तरी आधीच्या ६९९ चौकटी सुरक्षित राहतात आणि पुढील काम तेथूनच सुरू करता येते. रात्री पाहणारा कोणी नसताना चालणाऱ्या कामात या व्यवस्थेचे मोल विशेष आहे.

मूळ प्रत आणि कामाची प्रत

येथवरच्या विवेचनावरून चित्राची सूक्ष्मता कमी करणे हा सद्गुणच आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो टाळावयास हवा. जीर्ण होत चाललेल्या नकाशाचे, हस्तलिखिताचे किंवा भित्तिचित्राचे पूर्ण सूक्ष्मतेने केलेले अंकन हे स्वतःच एक दस्तऐवज असते, आणि मूळ वस्तू नष्ट झाल्यास तेच शिल्लक उरते. ते कधीही बदलू नये. स्वतंत्र तबकडीवर त्याच्या एकाहून अधिक प्रती ठेवाव्यात आणि लहान करावयाची ती केवळ कामाची प्रत. या दोहोंतील भेद न पाळल्यामुळे होणारी हानी नंतर कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

अधिक स्मृतीचे यंत्र मिळाले, तर काम सुकर होते यात संशय नाही. पण यंत्राची स्मृती जशी वाढली, तशीच चित्रांची व्याप्ती आणि रंगांची सूक्ष्मताही वाढत गेली आहे, आणि पुढेही ती वाढण्याचीच शक्यता आहे. म्हणून लहान गावातील एखाद्या ग्रंथालयाला आपल्या संग्रहातील नकाशांवर माहितीपट करावयाचा असेल, किंवा एखाद्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर पहिले दृश्य रचावयाचे असेल, तर त्यांनी आरंभी कागदावर एक गुणाकार करावा: रुंदी, उंची, चार, आणि प्रत्येक अंकास लागणारे बाइट. त्या उत्तराशेजारी पडद्यावर प्रत्यक्ष दिसणाऱ्या बिंदूंची संख्या लिहावी. दोन आकड्यांत फार मोठे अंतर आढळले, तर नवे यंत्र घेण्यापूर्वी कामाची प्रत तपासून पाहावी.